दर एकदाच लिहा, तोही तारखेसह
दरमहा वसुलीच्या धंद्यात बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दरांचे साचे कसे बसवावेत

बीड, केज, माजलगाव, परळी, कुठल्याही गावातल्या केबल किंवा इंटरनेटवाल्याची वसुलीची वही उघडून बघा. डावीकडे नाव, मग बॉक्सचा किंवा कनेक्शनचा नंबर, मग रक्कम, आणि पुढे महिन्यांचे रकाने. गडबड असते ती रकमेच्या रकान्यात. एकाच वेगाच्या नेटला कुणाला ४९९, कुणाला ४५०, ‘सर’ असं लिहिलेल्याला ३५०, ‘पाहुणे’ लिहिलेल्याला काहीच नाही. एका ओळीवर खाडाखोड करून ५२० केलेले असतात आणि ते का केले, हे मालक सोडून कुणालाच ठाऊक नसतं. दीडशे-दोनशे कनेक्शनपर्यंत हे मालकाच्या डोक्यात राहतं. पुढे वसुलीला दोन पोरं ठेवली, दुसऱ्या गावाची लाइन घेतली की डोकं पुरत नाही आणि मग बिलिंग सॉफ्टवेअर येतं.

नेमकी इथेच चूक होते. वहीतली रक्कम जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या नावापुढे चढवली जाते. आठशे ग्राहक असले तर आठशे दर होतात. दरवाढ करायची म्हटली की आठशे नोंदी उघडायच्या. वही कागदाची होती ती पडद्यावर आली, यापलीकडे काही बदलत नाही.

म्हणून पहिला नियम: ग्राहकाच्या नावापुढे दर लिहायचाच नाही. दर एका जागी, एकदाच, तारखेसह लिहायचा आणि ग्राहकाला त्या दराशी जोडायचं. त्या एका जागेला सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन, पॅकेज किंवा टेम्प्लेट म्हणतात. जिम, अभ्यासिका, मेस, पाण्याचे जार, दुधाचा रतीब, दर महिन्याला त्याच माणसाकडून पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. मी मुख्यतः केबल-इंटरनेटचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात.

केबलवाल्यांना हा धडा एकदा सरकारी आदेशानेच मिळाला आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या ३ मार्च २०१७ च्या दर आदेशाची अंमलबजावणी २०१८ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली आणि ग्राहकांनी वाहिन्या निवडाव्यात म्हणून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत वाढवत न्यावी लागली. पहिल्या १०० वाहिन्यांना नेटवर्क क्षमता शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या प्रत्येक २५ वाहिन्यांना जास्तीत जास्त २० रुपये. पे चॅनेलचे पैसे वेगळे. ज्यांच्याकडे तोवर ‘सगळं मिळून अडीचशे’ असा एकच आकडा होता, त्यांना त्याचे तुकडे पाडावे लागले: शुल्क किती, चॅनेल किती, कर किती. जानेवारी २०२० मध्ये ट्रायने १३० रुपयांत २०० वाहिन्या आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीला त्या शुल्काच्या ४० टक्क्यांपर्यंतच आकारणी, असा बदल केला. जुलै २०२४ मध्ये शुल्कावरची कमाल मर्यादाच काढली. ज्याने तुकडे वेगळे ठेवले होते त्याने प्रत्येक वेळी एक तुकडा बदलला. ज्याने नव्या रकमाही ग्राहकांच्या नावापुढेच चढवल्या, तो दर वेळी सगळी वही नव्याने लिहीत बसला.

तुकडे कसे पाडायचे?

समजा तुमच्याकडे नेटचे चार वेग आहेत. महिना, तिमाही, सहामाही, वर्ष असे चार कालावधी आहेत. तीन प्रकारच्या सवलती आहेत आणि कराचे दोन प्रकार आहेत. प्रत्येक जोडीचा वेगळा प्लॅन करायला गेलात तर ९६ प्लॅन होतात. वसुलीच्या पोराला यादीत खाली सरकताना चुकीचा प्लॅन लागणार हे ठरलेलंच. तेच चार वेग, चार कालावधी, तीन सवलती आणि दोन कर वेगवेगळे ठेवले तर एकूण १३ तुकडे होतात आणि बिल तयार होताना सॉफ्टवेअर ते जोडतं. सॉफ्टवेअर विकायला येणारा माणूस तुम्हाला रंगीत आलेख दाखवेल. त्याला आधी एवढंच विचारा की मूळ दर, कालावधी, जोडसेवा, सवलत आणि कर हे पाचही वेगळे ठेवता येतात का. उत्तर ‘नाही’ असेल तर चहा पाजून पाठवा.

जोडसेवा म्हणजे दुसरा टीव्ही, स्थिर आयपी, अभ्यासिकेतला लॉकर, जिममधला पर्सनल ट्रेनर. या मूळ प्लॅनमध्ये कालवू नका. ‘नेट ५० एमबीपीएस स्थिर आयपीसह’ असला प्लॅन एकदा निघाला की त्याची पिल्लं निघत राहतात. अनामत तर प्लॅनमध्ये कधीच नको. राउटरची किंवा अभ्यासिकेच्या खुर्चीची अनामत परत द्यायची असते, ते तुमचं उत्पन्न नव्हे. सेवेच्या पैशांपोटी ती वळती करत नाही तोवर जीएसटी कायद्यात ती मोबदला धरली जात नाही. तिचं खातं वेगळं ठेवा.

करासह की कराशिवाय, हे आधी ठरवा. बहुतेक भांडणं इथूनच उगवतात. ४९९ हा आकडा करासह असेल तर करपात्र रक्कम ४२२ रुपये ८८ पैसे, केंद्राचा कर ३८.०६ आणि राज्याचा ३८.०६. तोच ४९९ कराशिवाय धरला तर ग्राहकाला ५८८ रुपये ८२ पैसे द्यावे लागतात. एका चौकटीत टिचकी पडली की नाही यावर प्रत्येक ग्राहकामागे जवळपास नव्वद रुपयांचा फरक पडतो. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला ‘हातात किती द्यायचे’ तेवढंच सांगितलेलं चालतं, म्हणून घरगुती प्लॅन करासह ठेवा. दुकानं, शाळा, पतसंस्था, दवाखाने यांचे प्लॅन कराशिवाय ठेवा, त्यांना बिलात कर वेगळा दिसायला हवा असतो.

कराचा दर मात्र प्लॅनमध्ये आकडा म्हणून लिहू नका. कराचा स्वतंत्र तुकडा करून प्लॅनला जोडा. का, ते २२ सप्टेंबर २०२५ ला जिमवाल्यांना कळलं. त्या दिवसापासून जिम, सलून, योगकेंद्र यांच्या सेवेवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येणार नाही या अटीवर. ज्याचा प्लॅन १००० रुपये अधिक कर असा होता, त्याचं बिल ११८० वरून आपोआप १०५० झालं. ज्याचा ११८० करासह होता, त्याच्या बिलावरचा आकडा हलला नाही; सॉफ्टवेअरने मुकाट्याने करपात्र रक्कम १००० वरून ११२३ रुपये ८१ पैसे केली. नव्या ट्रेडमिलवरच्या कराचं क्रेडिट गेलं, म्हणून त्यातला काही भाग मालकाने राखणं समजण्यासारखं आहे. पण तो निर्णय मालकाने घेतलेला असावा, सॉफ्टवेअरने परस्पर घेतलेला नसावा. म्हणून करासहच्या प्लॅनवर एक आठवण लावून ठेवा: कर बदलला की हा प्लॅन हाताने तपासायचा.

कर बदलाच्या आसपासच्या बिलांसाठी नियम सोपा आहे. सेवा, बिल आणि पैसे या तीन गोष्टींपैकी दोन ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर. वर्षभराचं सदस्यत्व, बिल आणि पैसे दोन्ही बदलाच्या आधी झाले असतील तर जुनाच दर. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ हेच सांगतं. सॉफ्टवेअरने आपोआप काय केलं ते सीएला एकदा दाखवून घ्या.

सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात कर लावता येत नाही. तरी कराचा तुकडा शून्यावर ठेवून प्लॅनला जोडलेलाच असू द्या. नोंदणी झाली त्या दिवशी फक्त तो बदलायचा. आणि ही उलाढाल पॅनवर मोजली जाते, दुकानावर नाही. एकाच पॅनवर नेटही आहे आणि वर अभ्यासिकाही आहे, तर दोन्हींची बेरीज धरा.

आता तारीख. प्लॅनचा दर वाढवायचा तर जुन्या प्लॅनमधला आकडा खोडून नवा लिहू नका. नवा प्लॅन काढा, त्याला ‘लागू दिनांक’ द्या आणि जुना नव्या ग्राहकांसाठी बंद करा. नावातच ओळख ठेवा: ‘नेट ५०, महिना, एप्रिल २०२६’. असं केलं की दोन वर्षांपूर्वीचं बिल उघडलं तरी त्या वेळचाच दर दिसतो आणि ग्राहक ‘मला तर तुम्ही ४५० सांगितलं होतं’ म्हणाला तर दाखवायला पुरावा असतो. जुन्या भावावरच्या ग्राहकांना किती दिवस तिथे ठेवायचं, हे त्याच दिवशी ठरवून शेवटची तारीख टाका. ती टाकली नाही तर जुना भाव कायमचा चिकटतो.

टॅली वापरणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. टॅलीतल्या दरयादीला प्रत्येक वेळी ‘अ‍ॅप्लिकेबल फ्रॉम’ तारीख द्यावीच लागते आणि जुनी यादी तशीच राहते. टॅली मुळात हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. सदस्यत्वाची बिलं दुसरीकडे काढून टॅलीत आणायची सोय बघा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये सबस्क्रिप्शन प्लॅनचा दर ठरावीक ठेवता येतो किंवा दरयादीवरून घेता येतो. दुसरा पर्याय निवडा. दरयादीतल्या दराला ‘या तारखेपासून, या तारखेपर्यंत’ अशी मुदत देता येते. चेन्नईच्या झोहो आणि चार्जबी यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही प्लॅन, जोडसेवा आणि सवलत वेगवेगळे आहेत. केबलवाल्याला एमएसओचं, म्हणजे सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचं, पोर्टल सुटत नाही, तिथे रिचार्ज करावाच लागतो. म्हणून तुमच्या प्लॅनमध्ये एमएसओला जाणारी रक्कमही एका रकान्यात ठेवा. ती नसेल तर वसुली दिसते, पण हातात काय उरतं ते दिसत नाही.

या सगळ्यापेक्षा बीड जिल्ह्यात महत्त्वाचा एक साचा आहे आणि तो सॉफ्टवेअरमध्ये सहसा तयार मिळत नाही. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातली गावंच्या गावं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. चार-पाच महिने घराला कुलूप. सॉफ्टवेअर मात्र दर एक तारखेला बिल काढत राहतं. माणूस परत येतो तेव्हा नावावर पाच महिन्यांची थकबाकी आणि विलंब शुल्क उभं असतं. तो म्हणतो, आम्ही तर फडात होतो. तुम्ही म्हणता, कॉम्प्युटर दाखवतोय. चुकलेलं असतं ते बिल, कारण सेवा दिलीच नव्हती. बहुतेक जण मग ती थकबाकी हाताने मिटवतात आणि हिशेबात वर्षानुवर्षं ‘बुडीत’ दिसत राहते, जी कधी येणंच नव्हती. काही ग्राहक भांडायचं टाळून शेजारच्या नेटवाल्याकडे जातात.

यासाठी ‘हंगामी थांबा’ नावाचा साचा आधीच बनवून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये पॉज नावाची सोय असते, तिच्यावर हा साचा आपण बांधायचा. तीन प्रकार पुरतात. घराला कुलूप असेल तर सगळं बंद, बिल शून्य. आजी-आजोबा आणि शाळेतली लेकरं मागे राहिली असतील तर टीव्ही चालू, नेट बंद किंवा सर्वांत खालच्या वेगावर. तिसरा प्रकार म्हणजे राउटर घरीच आहे, घरचं कुणी अधूनमधून येतं. त्यांच्यासाठी दिवसावर चालणारा छोटा रिचार्ज.

थांब्याचे नियम प्लॅनमध्येच लिहा, वसुली करणाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका. किमान किती दिवसांचा थांबा चालेल, किती दिवस आधी सांगायचं, वर्षातून किती वेळा मिळेल. परतीची तारीख अंदाजाने टाका, पण त्या तारखेला बिल आपोआप सुरू होईल असं ठेवू नका. पट्टा कधी पडेल हे ऊस, पाऊस आणि कारखाना ठरवतात. त्या तारखेला फक्त मालकाच्या फोनवर आठवण यावी, त्याने किंवा पोराने घरी विचारावं आणि मग कनेक्शन सुरू करावं.

आगाऊ भरलेल्या पैशांचं काय? समजा ४९९ रुपये एक नोव्हेंबरला भरले आणि कुटुंब दहा तारखेला निघालं. २१ दिवस उरले. पैशांत ३४९ रुपये ३० पैसे. हे पैसे परत द्यायचे किंवा पुढच्या बिलात वळते करायचे तर कराची क्रेडिट नोट निघते, कागद वाढतो. त्यापेक्षा दिवस शिल्लक ठेवा. परत आल्यावर २१ दिवस चालू राहतील आणि मग नवीन बिल. ग्राहकाला हे लगेच समजतं, कारण मेसमधले आणि दुधाच्या रतिबाचे खाडे तो आयुष्यभर असेच मोजत आला आहे. सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारा: पॉज उठल्यावर उरलेले दिवस ग्राहकाला परत मिळतात का? काही ठिकाणी पॉज म्हणजे फक्त पुढचं बिल थांबवणं असतं आणि उरलेले दिवस जळून जातात.

मेसवाल्यांनी खाड्यांचा नियमही असाच प्लॅनमध्ये घालावा. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपास किंवा बीडला स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी डबा देत असाल तर किती सलग खाडे धरायचे, कधीपर्यंत सांगायचं, ताटाचे किती कापायचे हे भिंतीवर आणि प्लॅनमध्ये एकच असू द्या.

शेतकरी ग्राहकासाठी कालावधी वेगळा हवा. त्याच्या हातात पैसा सोयाबीन, कापूस विकल्यावर येतो. दर महिन्याला त्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा दिवाळीच्या आसपास भरायचा सहामाही प्लॅन द्या आणि त्यात थोडी सूट ठेवा. ही सूट तुम्हाला वसुलीच्या पेट्रोलमध्ये आणि फेऱ्यांमध्ये परत मिळते.

ओळखीच्या दराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बीडसारख्या जिल्ह्यात गुरुजी, सरपंच, मेव्हणे, ज्यांच्या भिंतीवरून वायर नेली ते, या सगळ्यांना सवलत द्यावी लागते आणि ती द्यावीही. पण त्यासाठी ‘सर प्लॅन’ काढू नका. मूळ प्लॅन पूर्ण दराचाच लावा आणि त्याखाली सवलतीची ओळ टाका: रक्कम, कारण आणि शेवटची तारीख. ‘जागामालक, वायर छतावरून, १०० रुपये, मार्चअखेर’. महिन्याच्या शेवटी सवलतींची बेरीज एका टिचकीत निघते. किती पैसे माणुसकीत जातात आणि किती केवळ संकोचात, हे मालकाला पहिल्यांदा दिसतं. संकोचातल्या सवलती तारीख संपली की आपोआप जातात. कुणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही.

महिन्याच्या मध्ये आलेल्या ग्राहकाचं बिल कसं, हेही आधी ठरवा. प्रत्येकाची तारीख वेगळी ठेवली तर हिशेब सोपा, पण वसुलीच्या फेऱ्या वाढतात. सगळ्यांची एक तारीख ठेवली तर पहिलं बिल दिवसांवर काढावं लागतं. ४९९ च्या प्लॅनवर १८ तारखेला आलेल्या ग्राहकाचे ३० दिवसांच्या महिन्यात १३ दिवस होतात. करपात्र १८३.२५, दोन्ही कर १६.४९ प्रमाणे, एकूण २१६.२३, पूर्णांकात २१६ रुपये. रोखीने वसुली करणाऱ्यांनी एकच तारीख ठेवावी, यूपीआयवर सगळं चालत असेल तर वेगवेगळ्या चालतील, असं माझं मत आहे.

यूपीआय ऑटोपे लावत असाल तर प्लॅन आणि मंजुरी यांचा मेळ घाला. ग्राहक मंजुरी देतो तेव्हा कमाल रक्कम ठरते. ४९९ च्या प्लॅनला ४९९ चीच मर्यादा घेतली तर पुढच्या दरवाढीला प्रत्येकाकडून नवी मंजुरी घ्यावी लागेल. थोडी वरची मर्यादा घ्या, पण ग्राहकाला ती का, हे समोर बसून सांगा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना जाणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. त्या सूचनेत प्लॅनचं नाव ग्राहकाला कळेल असं असू द्या. हंगामी थांबा लावला की मंजुरीही थांबवली का, हे वेगळं तपासा. फडात ऊस तोडणाऱ्या माणसाच्या खात्यातून बंद नेटचे पैसे गेले तर तो पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

सगळे साचे तयार झाले की लगेच चालू करू नका. वहीतून खरे, वेगवेगळ्या तऱ्हेचे ग्राहक निवडा: दोन टीव्हीवाला, ऊसतोडीला गेलेला, जागामालक, सहामाहीवाला शेतकरी, जीएसटी नंबर असलेलं दुकान, महिन्याच्या मध्ये आलेला भाडेकरू. प्रत्येकाचं मागच्या महिन्याचं बिल आधी हाताने काढा, मग सॉफ्टवेअरमध्ये काढा आणि पैशापर्यंत ताळा बघा. जिथे जुळत नाही तिथे साचा चुकला आहे की वहीतला आकडाच कधीकाळी अंदाजाने लिहिला होता, हे शोधा. बिलाचे क्रमांक सलग येतात का आणि १६ अक्षरांच्या आत आहेत का, तेही याच वेळी पाहा. मग एका गल्लीवर किंवा एका गावावर एक महिना चालवा, जुनी वही सोबत ठेवून. दुसऱ्या महिन्यात बाकीची गावं घ्या. सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुळीच करू नका. तेव्हा निम्मी घरं निघण्याच्या गडबडीत असतात. गुढीपाडवा झाल्यावर, माणसं घरी आल्यावर सुरू करा.

शेवटी पासवर्ड. दर आणि साचे बदलण्याचा अधिकार फक्त मालकाच्या लॉगिनला ठेवा. वसुली करणाऱ्याला पैसे जमा करता यावेत, थांब्याची विनंती टाकता यावी, सवलत मात्र देता येऊ नये. त्यालाही ते सोयीचं पडतं, दारात कुणी घासाघीस केली तर ‘माझ्या हातात नाही’ असं तो खरं सांगू शकतो. चालू दरांचा एक छापील कागद तारखेसह ऑफिसात लावा, एक त्याच्या पिशवीत द्या, आणि नवा दर लागू झाला त्या दिवशी जुने दोन्ही कागद काढून घ्या.